उत्तर: पर्यावरण राजकारणाच्या पेपरसाठी ठाणे खाडीवर प्रकल्प कसा करावा?

वर बऱ्याच जणांनी फ्लेमिंगो अभयारण्य सुचवलंय. विषय चांगलाच आहे, पण त्यात एक अडचण येते. पंधरा पानं पक्षी आणि खारफुटीच्या वर्णनात जातात आणि निर्णय कोणी, कोणत्या अधिकारात घेतला हे राहूनच जातं. गुण तिथेच कापले जातात, आणि ते योग्यच आहे.

त्यापेक्षा एकच प्रकल्प घ्या, उदाहरणार्थ २०१०मध्ये पर्यावरण मंजुरी मिळालेला नवी मुंबई विमानतळ. १४ सप्टेंबर २००६ची अधिसूचना आधी वाचा; प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांचा अभ्यास (EIA) आणि मंजुरी कशी व्हावी हे ती ठरवते. ती संसदेने केलेला कायदा नव्हे, १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्राने काढलेली आहे. सत्ता कुठे आहे ते इथेच दिसतं. मग तिचं चौथं परिशिष्ट, म्हणजे जनसुनावणी. किमान ३० दिवसांची नोटीस, अध्यक्षपदी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी, उपस्थितीला गणपूर्तीची अट नाही. म्हणजे चार माणसं आली तरी सुनावणी वैध! लोकसहभागावर लिहायचं तर हा मुद्दा सोडू नका.

इतिवृत्त प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर शोधा. मच्छीमारांनी घेतलेला प्रत्येक आक्षेप अंतिम EIA अहवालात आणि मंजुरीच्या अटींत कुठे पोहोचला, याचा तक्ता करा. तोच तुमचा मुख्य पुरावा.

किनारा नियमन (CRZ, म्हणजे किनाऱ्यालगत काय करता येतं याचे नियम) सांगताना १९९१, २०११ आणि २०१९च्या अधिसूचना एकत्र करू नका. निर्णय झाला तेव्हा जी लागू होती तीच लावा; विमानतळाच्या २०१०च्या मंजुरीसाठी ती १९९१ची.