मदत हवी आहे : एक व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) वेळेत थांबले नाही आणि क्लस्टरने सगळा नोडच (सर्व्हरच) बंद केला

दोन नोडच्या एका लिनक्स क्लस्टरची देखभाल माझ्याकडे आहे. क्लस्टर सांभाळणारे पेसमेकर व कोरोसिंक, त्यांच्याखाली व्हीएम चालवणारे केव्हीएम आणि लिबव्हर्ट, आणि दोन्ही नोडना जोडलेल्या सामाईक डिस्कवर डीएलएमच्या (नोडांमधली कुलुपे सांभाळणाऱ्या सेवेच्या) आधारे चालणारी जीएफएस२ फाइलसिस्टिम, अशी त्याची रचना आहे. एकूण ९ व्हीएम ‘व्हर्च्युअलडोमेन’ एजंटमार्फत (पेसमेकरसाठी व्हीएम सुरू-बंद करणाऱ्या स्क्रिप्टमार्फत) चालतात. त्यांपैकी ८ व्हीएमना अलाउ-मायग्रेट (चालू असतानाच दुसऱ्या नोडवर हलवण्याची परवानगी) लावलेले आहे. नवव्याला एक पीसीआय कार्ड थेट जोडलेले असल्यामुळे (तसेच कार्ड दुसऱ्या नोडमध्येही आहे) त्याचे लाइव्ह मायग्रेशन होत नाही. ते एका नोडवर थांबवून दुसऱ्यावर सुरू करावे लागते.

कर्नल अद्ययावत करण्यासाठी मी पहिला नोड स्टँडबायवर टाकला (म्हणजे त्यावर काही चालवू नये असे क्लस्टरला सांगितले), कारण सगळी व्हीएम आपोआप पलीकडे जातील आणि मग निवांतपणे रीबूट करता येईल, अशी माझी कल्पना होती. तीन व्हीएम व्यवस्थित गेलीही. चौथ्याचे मायग्रेशन चालू असतानाच समोरचा टर्मिनल गोठला, आणि अर्ध्या मिनिटाने लक्षात आले की दुसऱ्या नोडने आयपीएमआयवरून (सर्व्हरच्या दूरनियंत्रणावरून) पहिल्याची वीजच तोडली आहे. वाटेत असलेली व्हीएम अर्थातच मेली व पलीकडे नव्याने बूट झाली. लॉगमध्ये त्या वेळची एकच ठळक नोंद आहे: नवव्या व्हीएमची स्टॉप क्रिया २०००० एमएसनंतर (म्हणजे २० सेकंदांनी) ‘टाइम्ड आउट’.

यावर कडी म्हणजे, नोड परत आल्यावर मी स्टँडबाय काढला, तर ज्या नोडला काहीच झाले नव्हते त्याच्यावरची व्हीएमसुद्धा एकदम थांबली आणि पुन्हा सुरू झाली. स्टिकीनेस (आहे तिथेच राहण्याचा कल) १०० आहे, त्यामुळे व्हीएम उगाच जागा बदलत असतील असे वाटत नाही, आणि त्यांनी जागा बदललेलीही नाही. ती जिथल्या तिथेच बंद होऊन चालू झाली.

माझे प्रश्न असे. एका व्हीएमच्या हट्टापायी सगळ्या नोडचा बळी देण्याचे हे वर्तन अपेक्षित आहे का? एजंटच्या माहितीत स्टॉपसाठी ९० सेकंद लिहिलेले दिसतात, मग हे २० सेकंद आले कुठून? आणि स्टोनिथ (बेभरवशाच्या नोडची वीज तोडण्याची ही सोय) बंद करून टाकावे, हा एका सहकाऱ्याचा सल्ला मानण्यासारखा आहे का? मला स्वतःला तो पटत नाही, परंतु नेमके कारण सांगता येत नाही.

प्रतिसाद १

वर्तन अपेक्षितच आहे. स्टार्ट फसले तर पेसमेकर दुसरीकडे प्रयत्न करतो. स्टॉप फसले तर मात्र ते व्हीएम चालू आहे की बंद, हे त्याला खात्रीने सांगता येत नाही, आणि खात्री नसताना तेच व्हीएम दुसऱ्या नोडवर सुरू केले तर एकाच डिस्क प्रतिमेवर दोन क्यूईएमयू (व्हीएम चालवणाऱ्या) प्रक्रिया लिहू लागतील. वीज तोडणे हाच खात्रीचा मार्ग उरतो. सहकाऱ्यांचा सल्ला न मानण्याचे कारण हेच आहे. शिवाय आपल्याकडे जीएफएस२ आहे. नोड गेल्यानंतर फेन्सिंग (म्हणजे तो नोड खात्रीने तोडणे) यशस्वी झाल्याचे कळेपर्यंत डीएलएम कुलुपे मोकळी करत नाही, त्यामुळे स्टोनिथ नसेल तर उरलेल्या नोडवरची फाइलसिस्टिमही अडकून बसेल.

एजंटच्या माहितीतले ९० सेकंद ही केवळ शिफारस असते, पेसमेकर ती स्वतःहून वाचत नाही. संरचनेत स्टॉप क्रिया लिहिलेली नसेल तर त्याचे स्वतःचे २० सेकंद लागू होतात. आपली संरचना कुठून तरी हाताने उतरवलेली असावी, असा माझा अंदाज आहे. आता त्या २० सेकंदांत काय घडते ते पाहा: एजंट आधी व्हीएमला सभ्यपणे शटडाउन सांगतो, मुदत संपायला ५ सेकंद राहिली की ‘व्हर्श डिस्ट्रॉय’ (व्हीएम जबरीने बंद करण्याची आज्ञा) चालवतो. म्हणजे आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला जेमतेम १५ सेकंद मिळाले. त्यानंतर लिबव्हर्टही लगेच सिगकिल (प्रक्रिया तत्काळ मारण्याचा संदेश) देत नाही. आधी सिगटर्म (बंद होण्याची विनंती), मग काही काळ वाट, मग सिगकिल, आणि पीसीआय कार्ड जोडलेले असेल तर ते सोडवण्यात व रीसेट होण्यात आणखी वेळ जातो. उरलेल्या ५ सेकंदांत हे बसणे कठीणच होते.

त्या व्हीएमसाठी स्टॉपची मुदत निदान ३०० सेकंद करावी. आधी ते हाताने बंद करून किती वेळ लागतो हे घड्याळ लावून पाहावे आणि त्याच्या दुपटीहून कमी आकडा ठेवू नये. वीज तोडली जाऊ नये म्हणून ऑन-फेल ब्लॉक लावता येते, पण मग ते व्हीएम तिथेच अडकते आणि माणूस येईपर्यंत कुणी हलवत नाही. मी ते टाळतो.

दुसऱ्या घटनेबाबत: डीएलएम आणि फाइलसिस्टिम या दोन्ही क्लोनना (प्रत्येक नोडवर एकेक प्रत चालणाऱ्या सेवांना) इंटरलीव्ह ट्रू आहे का?

धागाकर्ता

आभारी आहे. संरचना खरोखरच जुन्या क्लस्टरच्या एक्सएमएलमधून उतरवलेली आहे आणि स्टॉपची नोंद कुठल्याच व्हीएमला नाही. ती सगळीकडे घालतो. इंटरलीव्ह कुठेही लिहिलेले नाही. त्याचा निरोगी नोडशी संबंध कसा, हे मात्र कळले नाही.

प्रतिसाद २

इंटरलीव्ह न लिहिल्यास ते फॉल्स धरले जाते. तसे असताना ‘आधी डीएलएम, मग फाइलसिस्टिम’ या क्रमाचा अर्थ असा होतो की कुठल्याही नोडवरची फाइलसिस्टिम सर्व नोडवरचे डीएलएम सुरू होईपर्यंत थांबेल. स्टँडबाय काढताच पहिल्या नोडवर डीएलएम सुरू होणार, म्हणून दुसऱ्यावरची फाइलसिस्टिम आधी उतरवली गेली, आणि तिच्यावर बसलेली व्हीएम तिच्याबरोबर गेली. ट्रू केल्यावर प्रत्येक नोड फक्त आपल्याच डीएलएमची वाट पाहतो. हे खरे की खोटे ते प्रत्यक्ष नोडला हात न लावता तपासता येईल: त्या मिनिटाची पीई-इनपुट फाइल (पेसमेकरने निर्णय घेताना पाहिलेल्या स्थितीची नोंद) पेसमेकरच्या पीइंजिन डिरेक्टरीत असेल, ती तोच निर्णय पुन्हा करून दाखवणाऱ्या ‘सीआरएम सिम्युलेट’ला देऊन पाहा.

धागाकर्ता

फाइल मिळाली. सिम्युलेशनमध्ये निरोगी नोडवरच्या फाइलसिस्टिमपुढे ‘रीस्टार्ट’ आणि तिच्याखाली एकेका व्हीएमपुढे तेच लिहिलेले दिसते. त्याच फाइलच्या प्रतीत दोन्ही क्लोनना इंटरलीव्ह ट्रू घालून पुन्हा चालवले, तेव्हा त्या सर्व ओळी नाहीशा झाल्या आणि पहिल्या नोडवरचे दोन स्टार्ट तेवढे उरले. नवव्या व्हीएमला हाताने बंद व्हायला १०५ सेकंद लागले, म्हणून त्याची मुदत ३०० ठेवली आहे. स्टँडबायची पुढची वेळ आली की आधी ते एकटे हलवीन आणि बाकीच्या आठांना नंतर हात लावीन.