लॅरॅव्हेल: सगळीकडे लागणारी सर्व्हिस सिंगल्टन ठेवावी की स्कोप्ड?

प्रश्न

नमस्कार. आमच्या बिलिंगच्या लॅरॅव्हेल (पीएचपीतील वेब-फ्रेमवर्क) ॲप्लिकेशनवर अनेक दुकाने चालतात. दुकानाचा जीएसटी क्रमांक, बिलाचा नमुना वगैरे माहिती पुरवणारी ‘सेटिंग्ज’ ही सर्व्हिस कंट्रोलरपासून जॉबपर्यंत (जॉब म्हणजे रांगेत टाकून मागे चालवलेले काम) सर्वांना लागते, म्हणून ती सर्व्हिस प्रोव्हायडरमध्ये सिंगल्टन म्हणून, म्हणजे एकच ऑब्जेक्ट सर्वांना मिळेल अशी, नोंदवली आहे. पहिल्यांदा माहिती मागितली की ती चालू दुकानाच्या सेटिंग्ज डेटाबेसमधून आणून स्वतःच्या प्रॉपर्टीत ठेवते. बिल तयार करणारा क्लासही सिंगल्टन असून त्याला ही सर्व्हिस कन्स्ट्रक्टरमधून मिळते. वेबवर सारे सुरळीत आहे. परंतु ईमेलने बिल पाठवणाऱ्या जॉबमधून एका दुकानाच्या बिलावर दुसऱ्याच दुकानाचा जीएसटी क्रमांक गेला. माझ्या मशीनवर मी जॉब चालवायला ‘क्यू:वर्क’ऐवजी ‘क्यू:लिसन’ ही कमांड चालवतो, तिथे हे घडत नाही. सगळीकडे बाइंड (दर मागणीला नवा ऑब्जेक्ट) वापरावे का? एक सहकारी स्टॅटिक क्लास सुचवत आहेत.

उत्तर १

स्टॅटिक क्लासने काहीच साधणार नाही, कारण त्यातली माहितीसुद्धा प्रोसेस संपेपर्यंत तशीच राहते, आणि वर चाचणीत त्या जागी खोटा ऑब्जेक्ट देण्याची सोयही जाते.

पीएचपी-एफपीएममध्ये (वेब रिक्वेस्टसाठी पीएचपी चालवणारी प्रणाली) प्रत्येक रिक्वेस्टला ॲप्लिकेशन नव्याने उभे राहते, त्यामुळे तिथला सिंगल्टन रिक्वेस्टपुरताच जगतो. ‘क्यू:वर्क’ने सुरू होणारा वर्कर मात्र एकदाच बूट होऊन त्याच कंटेनरवर (ऑब्जेक्ट बनवून पुरवणारा लॅरॅव्हेलचा भाग) एकामागून एक जॉब चालवतो, म्हणून पहिल्या दुकानाच्या सेटिंग्ज पुढच्या जॉबला आयत्या मिळतात. ‘क्यू:लिसन’ दर जॉबला नवी प्रोसेस सुरू करतो, म्हणून तुमच्या मशीनवर दोष दिसत नाही.

सेटिंग्ज ‘स्कोप्ड’ म्हणून, म्हणजे एका रिक्वेस्ट वा जॉबपुरता एकच ऑब्जेक्ट राहील अशी, नोंदवा; वर्कर नवा जॉब घेताना असे ऑब्जेक्ट कंटेनरमधून काढून टाकतो. परंतु एवढ्याने भागणार नाही. बिलाचा क्लास सिंगल्टनच राहिला, तर कन्स्ट्रक्टरमधून मिळालेला जुना सेटिंग्ज-ऑब्जेक्ट तो धरून बसेल आणि कंटेनरने नवा बनवला तरी त्याला पत्ता लागणार नाही. त्या क्लासची नोंदणीच काढून टाका. कन्स्ट्रक्टरमधले टाइप पाहून कंटेनर तो स्वतः तयार करतो. सरसकट बाइंड केल्यास सेटिंग्ज मागणाऱ्या प्रत्येक क्लाससाठी डेटाबेसला वेगळी क्वेरी जाईल.

उत्तर २

वरील निदान बरोबर आहे, पण उपाय मला अर्धवट वाटतो. ‘चालू दुकान’ सर्व्हिसच्या पोटात लपवण्यापेक्षा दुकानाचा आयडी जॉबमध्येच ठेवावा आणि सेटिंग्ज मागताना तो मेथडला द्यावा. आतली साठवण आयडीनुसार केली की सर्व्हिस सिंगल्टन राहिली तरी एका दुकानाची माहिती दुसऱ्याला जाणार नाही.

उत्तर १ (पुन्हा)

आयडी देण्याचा मुद्दा मान्य. नव्या कोडमध्ये मीही तेच करीन. मात्र दुकानदाराने वेबवरून बिलाचा नमुना बदलला, तर आधीपासून चालू असलेला वर्कर आपल्या मेमरीतली जुनीच प्रत वापरत राहील. तेव्हा साठवण रेडिसमध्ये (सर्व प्रोसेसना सामायिक असा मेमरीतला डेटा-साठा) न्यावी, नाहीतर आयडीसोबत स्कोप्डही ठेवावे. चाचणी लिहिताना दोन्ही दुकानांची बिले एकाच चाचणी-मेथडमध्ये तयार करा, कारण लॅरॅव्हेल प्रत्येक मेथडसाठी नवे ॲप्लिकेशन उभे करते आणि वेगवेगळ्या मेथडमध्ये हा दोष कधीच पकडला जाणार नाही.

उत्तर ३

वर्करला ‘मॅक्स-जॉब्स’ 1 देऊन दर जॉबनंतर बंद करणे हा आजच्या रात्रीपुरता तोडगा आहे. सुपरव्हायजर (प्रोसेसवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम) तो पुन्हा सुरू करील. बूटचा खर्च दर जॉबला पडेल, पण तोवर चुकीची बिले तरी जाणार नाहीत.

सिम्फनीत (पीएचपीचे दुसरे फ्रेमवर्क) हीच गोष्ट वेगळ्या रीतीने हाताळली जाते. तिथे सर्व्हिस मुळातच सामायिक असते. तिने रीसेट-इंटरफेस पाळला असेल, तर आवृत्ती 6 पासून मेसेंजरचा (सिम्फनीतील रांगेची कामे चालवणारा भाग) वर्कर दर मेसेजनंतर तिची रीसेट मेथड बोलावतो. ऑब्जेक्ट तोच राहून आतली माहिती पुसली जाते, म्हणून जुना ऑब्जेक्ट कोणी धरून ठेवला तरी बिघडत नाही. मात्र नवी प्रॉपर्टी जोडल्यावर ती रीसेटमध्ये पुसायची आठवण आपल्यालाच ठेवावी लागते.