मदत हवी आहे: मोल्सवर्थ हे आडनाव आलं कुठून आणि इतकं दुर्मिळ का?

नमस्कार मंडळी,

धागा कुठल्या विभागात टाकायचा ते कळेना म्हणून इथेच टाकतेय, चुकला असेल तर संपादकांनी खुशाल हलवावा.

मी भाषांतराची कामं करते, त्यामुळे मोल्सवर्थ हा मराठी-इंग्रजी कोश दिवसातून दहादा तरी उघडला जातो. आमच्या घरी "मोल्सवर्थात बघ" हे "पंचांगात बघ" म्हटल्यासारखंच होतं, आणि खरं सांगते, कॉलेजात जाईपर्यंत हे माणसाचं नाव आहे हेच मला माहीत नव्हतं. मोल म्हणजे किंमत, वर्थ म्हणजे पण किंमत, तेव्हा मराठी-इंग्रजी कोश म्हणून कुणीतरी हौसेने एक शब्द इकडचा एक तिकडचा घेऊन नाव ठेवलं असणार अशी माझी पक्की समजूत. हसू नका. मग कळलं की हे जेम्स थॉमस मोल्सवर्थ, कंपनी सरकारच्या फौजेतले, आणि कँडी बंधूंच्या मदतीने १८३१ साली मुंबईत कोश छापला, सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७ ची, म्हणजे तिकडे बंड चालू आणि इकडे हे शब्द मोजतायत.

तर यंदा लेकीकडे केंब्रिजला गेले होते. एकदा तिथून बर्मिंगहॅमला निघालो, ए१४ नावाचा मोठा रस्ता आहे, मी आपली मागे पेंगत होते, हंटिंग्डन मागे पडलं आणि थोड्या वेळाने पाटी दिसली, मोल्सवर्थ! ओरडलेच मी. जावई म्हणाले, "आई, इथे थांबता येत नाही", आणि सत्तर मैलाच्या स्पीडने मोल्सवर्थ मागे गेलं. पुढचा तासभर मी गाडीत मोबाईल घेऊन बसले आणि तिथून हा किडा डोक्यात शिरलाय.

शोधलं तर आधी सगळा विमानतळच येतो. दुसऱ्या महायुद्धात तिथे अमेरिकन बॉम्बर होते, ८० च्या दशकात क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवणार म्हणून शांततावाले लोक तळ ठोकून बसले, आणि १९८५ च्या फेब्रुवारीत रातोरात सैनिक आणून सरकारने कुंपण घातलं. ते सगळं बाजूला सारून खाली खाली गेलं की कळतं, गाव जुनं आहे, १०८६ च्या डूम्सडे बुकात (विल्यम राजाने कुणाची किती जमीन, किती बैल याची केलेली नोंद, आपल्या सातबाऱ्याचा खापरपणजोबा म्हणा) ते 'मोलेसवर्दे' असं आलंय.

पण माणसं मात्र भलतीकडेच. एक घराणं पार कॉर्नवॉलला, पेनकॅरो म्हणून वाडा, १६८९ पासून बॅरोनेट (म्हणजे पिढीजात 'सर'). त्यांच्यातल्या सर विल्यम यांच्या बागेत चिलीहून आणलेलं काटेरी झाड बघून एक पाहुणा म्हणाला की यावर चढायचं तर माकडालाही कोडं पडेल, आणि त्यावरून त्या झाडाला 'मंकी पझल' नाव पडलं असं सांगतात. दुसरं घराणं आयर्लंडला, १७१६ पासून व्हायकाउंट (सरदारकीचा एक किताब), डब्लिनमध्ये तिथल्या पार्लमेंटसमोर मोल्सवर्थ स्ट्रीट आहे. शिवाय एक गिल्फर्ड मोल्सवर्थ, हिंदुस्थान सरकारचे रेल्वेचे सल्लागार इंजिनियर, यांना मी अर्धा दिवस कोशवालेच समजत होते.

आणि एवढं असून आज बघावं तर आडनाव औषधाला नाही. लेकीच्या ऑफिसात हजारेक माणसं, एकही मोल्सवर्थ नाही. जोशी चार आहेत.

तर जाणकारांनी प्रकाश टाकावा. या नावाचा अर्थ काय, गाव हंटिंग्डनजवळ आणि लोक कॉर्नवॉल-डब्लिनला हे कसं, आणि नाव इतकं कमी का उरलं. लेकीच्या मदतीने वंशावळ शोधायची तर सुरुवात कुठून करू? आगाऊ धन्यवाद.

खडूस_मास्तर:
ताई, तुमची मोल-किंमत भारीच आहे पण पार चूक :) किंमतवाला वर्थ वेगळा आणि गावाच्या शेपटीचा वर्थ वेगळा, आता दिसायला सारखे झालेत इतकंच. गावातला वर्थ म्हणजे जुन्या इंग्रजीत कुंपण घातलेलं आवार, मग त्यातलं घर, मग वस्ती. आपली वाडी तरी काय, मुळात कुंपणाची जागाच की. आणि पुढचा मोल म्हणजे 'मूल' नावाचा कुणी माणूस. म्हणजे मूलची वाडी. जुन्या इंग्रजीत मूल म्हणजे खेचर, पण लोक ते नाव ठेवायचे, केंटचा एक राजाच मूल होता, ६८७ मध्ये त्याला जाळून मारलं. आपला वाडीवाला तो नव्हे, उगाच जोडू नका.

दुसरं म्हणजे लोक लांब कसे हा प्रश्नच उलटा आहे. जुन्नरात राहणाऱ्याला जुन्नरात कोण जुन्नरकर म्हणणार? तिथे सगळेच जुन्नरचे. माणूस गाव सोडतो तेव्हा त्याला 'कर' चिकटतो. इंग्रजांनी फक्त 'कर' न लावता गावाचंच नाव आडनाव म्हणून घेतलं. तेव्हा मोल्सवर्थ नावाचा माणूस मोल्सवर्थच्या बाहेरच सापडणार, तेच बरोबर आहे.

चांदा_ते_बांदा:
आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात मूल नावाचा तालुकाच आहे हो. म्हणजे कोशकार आमचे मूलकर निघाले!

आटे_पिना:
मास्तरांना अनुमोदन. आयुष्य वर्कशॉपमध्ये गेलं, व्हिटवर्थ आटे, व्हिटवर्थ पाने हातात घेऊन, हे 'वर्थ' पण तेच असणार असं वाचताना क्लिक झालं आणि बघितलं तर खरंच, व्हिटवर्थ गाव आहे रॉचडेलजवळ. क्रिकेटवाल्यांसाठी इलिंगवर्थ आणि पावसात डोकं उठवणारे डकवर्थ पण याच पंक्तीतले. उत्तर इंग्लंडात या 'वर्थां'चा सुळसुळाट आहे, मग मोल्सवर्थच मागे का पडलं ते मात्र मला पण कळायला हवंय.

टेम्सकाठचा:
त्याला कारण म्हणजे उगम एकच. स्मिथ प्रत्येक गावात वेगळा तयार झाला कारण लोहार प्रत्येक गावात होता, मोल्सवर्थ गाव एक आणि ते पण चिमुकलं, तिथून बाहेर पडलेली घरं तरी किती असणार. त्यात आडनाव बापाकडून जातं, मुलीच झाल्या की शाखा बंद. गाल्टन आणि वॉटसन या दोन इंग्रज अभ्यासकांनी १८७० च्या दशकात याचं गणितच मांडलं होतं, सुरुवातीला थोडी माणसं असली की निव्वळ योगायोगानेही आडनाव संपतं. आणि कुठे कुठे जोडनाव होतं, तुमचे पेनकॅरोवाले आता मोल्सवर्थ-सेंट ऑबिन आहेत.

शोधायचं तर १८३७ पासूनच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या सूची फ्रीबीएमडी या साइटवर फुकट आहेत. जनगणनेत नावं १८४१ पासून मिळतात, १९२१ पर्यंतची खुली आहे, १९३१ ची विसरा, ती १९४२ मध्ये जळाली. पण तुमचा माणूस कंपनीचा, त्याच्यासाठी ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे (लंडनमधल्या हिंदुस्थान खात्याचे) कागद बघा, मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या नोंदी तिथे आहेत, आणि फिबिस म्हणून हिंदुस्थानातल्या ब्रिटिश कुटुंबांचा शोध घेणारी संस्था आहे, तिची साइट चाळा. आयर्लंडच्या शाखेत घुसलात तर मन घट्ट करा, १९२२ मध्ये डब्लिनचा दप्तरखाना पेटला त्यात बरंच गेलं. आणि उच्चार इथे मोल्झवर्थ करतात, 'स' नाही.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार!! मास्तर, जुन्नरकरांचं उदाहरण लेकीला वाचून दाखवलं, ती म्हणाली आई, म्हणूनच आपण सांगलीकर सांगलीत राहत नाही.

फिबिसवर आज रात्री बसते. एक शंका राहिली. जुन्या मराठी छापील पुस्तकांत मी मोलस्वर्थ, मोलेस्वर्थ, मोल्सवर्थ अशी तीन रूपं बघितलीत, कुणाकडे १९०० च्या आधीचं काही असेल तर त्यात कसं छापलंय त्याचा फोटो टाकाल का? आणि चांदा_ते_बांदा, तुमचा मूलकर मी घराच्या ग्रुपवर टाकलाय, जावई म्हणतायत पुढच्या वेळी ए१४ वरून खाली उतरू.