मदत हवी आहे: मधमाशीचा नाच ही भाषा का नाही, हे नववीच्या मुलांना कसं सांगू?

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात नववीला शिकवते. माणसाची भाषा प्राण्यांपेक्षा वेगळी कशी, यावर बोलताना केनियातल्या व्हर्वेट माकडांचं उदाहरण दिलं. बिबट्या, गरुड आणि साप दिसला की त्यांचे इशारे वेगवेगळे असतात, पण 'काल बिबट्या आला होता' असं ती सांगू शकत नाहीत. हे मुलांना पटलं. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "बाई, मधमाशी तर लांबच्या, न दिसणाऱ्या फुलांची दिशा अन् अंतर नाचून सांगते. मग ती भाषाच की!"

प्रश्न फार मोलाचा आहे, तो मला घाईत मिटवायचा नाही. हा नाच उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेलही मिळालं. मला वाटतं, खरा फरक मोजक्या ध्वनींतून अगणित नवी वाक्यं रचण्यात आहे. मधमाशीचा विषय ठरलेला, तिला गोष्ट रचता येत नाही. पण हे मुलांना स्वतः करून कळेल असा एखादा खेळ सुचवाल का?

भाषा सुरू कशी झाली, हेही ती विचारताहेत. बोलण्याचे जीवाश्म उरत नाहीत. १८६६ मध्ये पॅरिसच्या भाषाशास्त्र संस्थेने तर या विषयावरचे निबंध घ्यायचेच बंद केले होते. यावर मुलांना झेपेल असं मराठी वाचन कोणतं? वाईला विश्वकोशाच्या कार्यालयात विचारून कुणाला उपयोग झालाय का? पुढचा तास सोमवारी आहे.