हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आत: ही ११ मिनिटं कुठून काढू?

धापाधाप

नमस्कार मंडळी,

दोन वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. आधीच सांगते, "या वयात कशाला?" हा सल्ला घरी सासूबाईंकडून रोज फुकट मिळतो. तेवढा सोडून काहीही सांगा.

वय ४४, ठाण्यात राहते. सव्वाआठची लोकल पकडायची असते, त्यामुळे जे काय धावायचं ते पहाटे साडेपाच ते पावणेसात. लॉकडाऊननंतर उपवन तलावाला चालायला जायला लागले, चालता चालता कधी पळायला लागले कळलंच नाही. मुंबई मॅरेथॉनची हाफ (२१.१ किमी) दोनदा केली. पहिल्या वेळी २:१२:१०, यंदाच्या जानेवारीत २:११:२०. वर्षभर पहाटेची झोप मोडून कमाई काय, तर ५० सेकंद!

मला दोन तासांच्या आत यायचंय. म्हणजे किलोमीटरला ५:४१ मिनिटं.

यंदाचे आकडे असे:
५ किमी – २८:४०
१० किमी – ५८:१०
१५ किमी – १:२९:५०
शेवट – २:११:२०

माहीमहून अंधारात निघालो, सी लिंकवर वारा, ढोल, आजूबाजूला हजारो माणसं. वाटलं, आज होतंय. पेडर रोडच्या चढावर पाय जे जड झाले ते झालेच, तिथे चालले. मरीन ड्राइव्हला तर अगदी सपाट रस्ता, तरी एका फुगेवाल्या काकांनीही मला मागे टाकलं. (फुगे विकणारे नव्हेत. पाठीवर फुगा लावून ठरलेल्या वेळेत धावणारे पेसर. फुग्यावर २:१० लिहिलेलं होतं.)

सराव: मंगळवार आणि गुरुवारी ६-६ किमी, रविवारी १२ ते १४. आठवड्याला एकूण २४ ते २६. सगळं साधारण ६:१०-६:२० च्या वेगाने. मार्च-एप्रिलमध्ये एका ग्रुपबरोबर आठवड्यातून दोनदा ४०० मीटरच्या इंटरव्हल्स (जोरात पळायचं, थोडा दम घ्यायचा, पुन्हा जोरात) मारल्या, पाचव्या आठवड्यात नडगी दुखायला लागली, महिना घरी. जूनमध्ये एका स्पर्धेत १० किमी ५६:३० मध्ये केले.

प्रश्न: इंटरव्हल्स पुन्हा सुरू करू का? आठवड्याला तीनच दिवस पुरतात का? आणि ते १४ हजारांचे कार्बन प्लेटवाले (तळात कार्बनची कडक पट्टी असलेले) बूट खरंच काही करतात का? नवऱ्याने "तेवढ्यात वॉशिंग मशीन येईल" असं सांगून ठेवलंय.

यवतेश्वर

ताई, बूट राहू द्या. आधी आकडे बघू.

तुमच्या १० किमीच्या वेळेवरून रीगेलच्या सूत्राने हाफचा अंदाज काढला तर साधारण २:०४:४० येतो. (वेळ × अंतराच्या पटीचा १.०६ वा घात. कॅल्क्युलेटरवर करून बघा.) म्हणजे अकरातली सहा-सात मिनिटं तुमच्या पायात आत्ताच आहेत. ती तुम्ही शर्यतीच्या दुसऱ्या अर्ध्यात सांडताय. पहिले पाच ५:४४ ने, पुढचे ५:५४, मग ६:२०, आणि शेवटचे सहा ६:४८ ने. वेग कमी पडलेला नाही, दम टिकलेला नाही. तुम्ही दोन तासांचा वेग घेऊन निघालात आणि सराव होता सव्वादोनचा.

दुसरं म्हणजे तुमची सगळी धाव ६:१५ ची. ही ना धड सावकाश, ना धड जोरात. रोज थोडं दमायचं आणि कधीच नीट दमायचं नाही. मीही तीन वर्षं हेच केलं, म्हणून ओळखतो. रोजचं पळणं ७:०० ते ७:२० वर आणा. शेजारच्याशी सलग दोन-तीन वाक्यं बोलता आली पाहिजेत, तुटक "हो-हो" नाही. मग तीनाचे चार दिवस सहज होतील आणि नडगीही गप्प बसेल. २५ वरून ४० किमीला हळूहळू जा, दर चौथ्या आठवड्याला अंतर कमी करून. रविवार १८ पर्यंत गेलाच पाहिजे.

सुसाट_पण_सावध

असहमत. हळू पळून माणूस हळूच पळायला शिकतो. ४०० बंद करा, पण १ किमीच्या चार-पाच फेऱ्या ५:२५ ने, मध्ये तीन मिनिटं जॉग, हे हवंच.

यवतेश्वर

हळू पळून हळूच शिकतो, तर मग पीटर स्नेलचं काय? न्यूझीलंडचा, ८०० मीटरवाला. त्याचे कोच आर्थर लिडियार्ड दर रविवारी त्याला डोंगरातून ३५ किमी पळवायचे. १९६० ला रोममध्ये ८०० चं सुवर्ण, १९६४ ला टोकियोत ८०० आणि १५०० दोन्ही. वेगाचं काम ते पाया झाल्यावर करायचे. तुमच्या १ किमीच्या फेऱ्यांना माझी ना नाही, फक्त त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात. एप्रिलमध्ये काय झालं ते ताईंनीच लिहिलंय.

सुसाट_पण_सावध

बरं बरं, ऑक्टोबर. पण पेडर रोडचं काय? त्यासाठी येऊरचा डोंगर आहे ना दाराशी. आठवड्यातून एकदा ४५ सेकंद चढ जोरात, चालत खाली, सहा वेळा. उजाडल्याशिवाय जाऊ नका, बिबट्याला आपलं टायमिंग माहीत नसतं. मुंबई मॅरेथॉनचा मार्ग अधूनमधून बदलतो, त्यामुळे जाहीर झाला की नीट बघा.

कडीपत्ता

मी कोच नाही, पण एक बायकी प्रश्न विचारते, कारण इथले पुरुष विचारणार नाहीत. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) शेवटचं कधी तपासलं? मी दीड वर्ष "सराव कमी पडतोय" म्हणून स्वतःला शिव्या घालत होते आणि फेरिटिन निघालं ९. तुमच्या वयात पाळी अनियमित आणि जास्त असेल तर हे हमखास राहून जातं. नुसत्या पालकाने आणि गुळाने होत नाही, डॉक्टरला दाखवा.

धापाधाप

कडीपत्ता, तू कुठे होतीस इतके दिवस? तपासलं, तीन वर्षांपूर्वी! उद्याच करते.

यवतेश्वरजी, ७:१० ने पळायचा प्रयत्न केला. उपवनच्या एका फेरीत दोन आजोबा जॉगिंग करत माझ्या बरोबरीने. एकांनी विचारलं, "पाय दुखतोय का बाळ?" ४४ व्या वर्षी बाळ ऐकून अर्धा थकवा गेला, पण हळू पळणं फार अवघड आहे हो. आपोआप ६:३० होतं.

यवतेश्वर

होणारच. घड्याळ घरी ठेवा आणि नाकाने श्वास घेत पळा. तोंड उघडावं लागलं की वेग जास्त झाला समजा. आणि जुलैच्या दमटपणात ७:३० झालं तरी वाईट वाटून घेऊ नका, जानेवारीशी तुलना करू नका.

धापाधाप

तीन आठवड्यांनी परत आले.

रिपोर्ट: हिमोग्लोबिन १०.४, फेरिटिन ११. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात. चहाबरोबर घ्यायच्या नाहीत हे ऐकून मी जास्त हादरले, कारण सकाळचा चहा म्हणजे माझं इंधन. आता गोळी लिंबूपाण्याबरोबर आणि चहा दोन तासांनी, ऑफिसात. डॉक्टर म्हणाले हळू पळायला हरकत नाही, जोरात काही नको, आठ आठवड्यांनी पुन्हा तपासू. म्हणजे सुसाट यांची ऑक्टोबरची तारीख आपोआपच ठरली.

गेल्या आठवड्यात चार दिवसांत मिळून ३१ किमी झाले, नडगी शांत आहे. रविवारी १५ केले, शेवटी चालावं लागलं नाही. वेळ सांगत नाही.

बूट घेतले नाहीत. वॉशिंग मशीनही अजून आलेलं नाही.

आता एकच प्रश्न उरला: येऊरच्या चढावर या पावसात शेवाळ कुठल्या वळणापासून सुरू होतं, कुणी हल्ली जाऊन आलंय का?