विषय: ब्रँटफर्डची सहल आणि बसमधली प्रश्नमंजूषा

नमस्कार मंडळी,

सहल कॅनडातल्या ब्रँटफर्डलाच नक्की झाली आहे. (ब्रँटफर्ड! ब्रॅम्प्टन नव्हे. दोघांनी आत्ताच विचारलं.) जाताना बसमध्ये 'ब्रँटफर्डची नामवंत माणसं' अशी प्रश्नमंजूषा घ्यायचा विचार आहे. सध्या तीन नावं आहेत: आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्की, अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि विनोदी नट फिल हार्टमन. आणखी सुचवा.

– सहल समितीतर्फे

---

ताई,

बेलचा जन्म एडिंबरोचा, 1847 चा. दोन भाऊ क्षयाने गेल्यावर 1870 मध्ये कुटुंब ब्रँटफर्डला आलं. तो स्वतः पुढे बोस्टनला नोकरी करायचा आणि सुट्टीत आईवडिलांकडे यायचा. टेलिफोनची कल्पना 1874 साली ब्रँटफर्डला सुचली, यंत्र जन्मलं 1875 साली बोस्टनला, अशी वाटणी त्यानेच करून ठेवली आहे. पण यादीतून त्याचं नाव वगळू नका. 10 ऑगस्ट 1876 ला ब्रँटफर्डहून बोललेलं त्याने शेजारच्या पॅरिस गावात, बुटांच्या दुकानात बसून ऐकलं. अंतर जेमतेम 13 किलोमीटर, बॅटरी मात्र टोरंटोत! बोलणं एकाच दिशेने जाई, त्यामुळे त्याला उलट उत्तर देता येत नव्हतं. प्रश्न यावरच काढा.

ग्रेट्स्कीचे वडील टेलिफोन कंपनीतच तंत्रज्ञ. परसात पाणी सोडून त्यांनी पोराला बर्फाचं मैदान करून दिलं आणि दहाव्या वर्षी त्याने एका मोसमात 378 गोल केले. हे सगळ्यांना पाठ असतं. इतर मुलांच्या आईबापांच्या हेव्यादाव्यांना कंटाळून तो चौदाव्या वर्षी गाव सोडून टोरंटोला गेला, हे कोणी सांगत नाही. आता त्याच गावात त्याच्या नावाचा हमरस्ता आहे!

पण माझा खरा आग्रह सारा जीनेट डंकनसाठी. 1861 ला ब्रँटफर्डमध्येच जन्मली, वडील कापडदुकानदार. टोरंटोच्या 'ग्लोब'मध्ये पूर्णवेळ नोकरी मिळालेली ती पहिली बाई. 1888 मध्ये मैत्रिणीबरोबर जगप्रवासाला निघाली आणि कलकत्त्यात तिला एव्हरर्ड कोट्स भेटला. हा तिथल्या संग्रहालयात कीटकांचा अभ्यास करणारा. 1890 मध्ये लग्न, आणि पुढची बरीच वर्षं कलकत्ता आणि सिमला. नव्या मेमसाहेबाचा कलकत्त्यातला संसार, नोकरचाकर, बाजारहाट यावर तिने 1893 मध्ये कादंबरी लिहिली. चांगली चावरी लेखणी आहे, साहेबलोकांनाही सोडत नाही. हिंदुस्थानी माणसं मात्र तिच्याकडे बहुतेक दाराबाहेरूनच दिसतात, हेही खरं.

आणि 1904 मध्ये, हिंदुस्थानात संसार असताना, तिने 'द इम्पीरियलिस्ट' लिहिली ती एल्गिन नावाच्या गावावर. हे एल्गिन म्हणजे ब्रँटफर्डच. बाजाराचा दिवस, चर्च, निवडणूक, कोणाकडे चहाला कोण जातं आणि कोण जात नाही, सगळं आहे. आपल्यापैकी किती जण इथे बसून सांगली-साताऱ्यावर लिहितात, तसंच. हार्टमन राहू द्या हवं तर. पण तो लहानपणीच अमेरिकेत गेला. साराबाईंना वगळलंत तर मी बसमध्ये उभा राहून भाषण करीन.

– हॅमिल्टनचे काका

---

काका, भाषण टळावं म्हणून एक पुरवणी.

पॉलीन जॉन्सनही 1861 चीच. वडील मोहॉक या तिथल्या आदिवासी जमातीचे सरदार, आई इंग्रज. ब्रँटफर्डच्या शाळेत शिकली, कवयित्री झाली, देशभर मंचावरून कविता म्हणत फिरली. 1907 ची बोस्टन मॅरेथॉन जिंकणारा टॉम लाँगबोट आणि 'लोन रेंजर' या अमेरिकी मालिकेतला टाँटो, म्हणजे जे सिल्व्हरहील्स, हेही शेजारचेच. पण तिघांचा जन्म सिक्स नेशन्सच्या, म्हणजे मोहॉक धरून सहा आदिवासी जमातींच्या, राखीव जमिनीवरचा, तेव्हा 'ब्रँटफर्डचे' असं सरसकट लिहू नये. ब्रँटफर्ड हे नावच मुळात मोहॉक पुढारी जोसेफ ब्रँटवरून पडलंय.

पॉलीनचं घर, चीफ्सवुड, अजून उभं आहे. त्याला दोन दर्शनी बाजू आहेत, एक नदीकडे आणि एक रस्त्याकडे. होडीने येणाऱ्यालाही मागच्या दाराने यावं लागू नये म्हणून. बेलच्या घरानंतर तिथे थांबता येईल का?

– ग्वेल्फहून

---

दोघांचेही आभार. सारा आणि पॉलीन घेतल्या, सिक्स नेशन्सचे प्रश्न वेगळ्या फेरीत. चीफ्सवुडला थांबायचं तर बस अर्धा तास आधी सुटेल, आणि ती 'भारतीय वेळेनुसार' सुटणार नाही. उशिरा येणाऱ्यांनी आपापल्या गाडीने यावं. काका, साराबाईंवरचे प्रश्न तुम्हीच काढून पाठवा. पाचापेक्षा जास्त नकोत.

– सहल समितीतर्फे