क्रेडिट नोट, गिफ्ट कार्ड, पॉइंट : आधी काय वापरू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
राजारामपुरीतल्या एका मोठ्या दुकानातून आईला साडी घेतली. बिल २,८०० चं. त्यातले ३०० लॉयल्टी पॉइंटमधून वजा झाले, २,५०० यूपीआयनं दिले. पहिल्याच धुण्यात काठाचा मरून रंग पदरावर उतरला. दुकानानं साडी मुकाट्यानं परत घेतली, पण पैशांऐवजी २,५०० ची क्रेडिट नोट दिली. मुदत ९० दिवस, एकाच बिलात संपवायची, उरले तर बुडाले, सेलच्या मालावर चालणार नाही. माझे वापरलेले ३०० पॉइंट परत आले नाहीतच, वर या खरेदीवर मिळालेले पॉइंटही काढून घेतले. हे कुठलं गणित?

शिवाय त्याच दुकानाचं १,००० चं गिफ्ट कार्ड घरात पडून आहे, त्याला वर्षाची मुदत. गौरी-गणपतीची खरेदी तोंडावर आलीय आणि काउंटरवरची मुलगी म्हणते, "दादा, एका बिलात दोन्ही नाही लागत, सिस्टीम घेत नाही." रोख मागता येते का? नाहीतर आधी काय वापरू?

शाहूपुरीकर :
आधी क्रेडिट नोट, तिची मुदत कमी आहे. २,५०० च्या थोडं वरच बिल करा आणि वरचे पैसे यूपीआयनं द्या, म्हणजे काही बुडणार नाही. कार्ड दुसऱ्या बिलाला ठेवा. पॉइंट म्हणजे दुकानानं दिलेली सूट, त्यांचे नियम तेच ठरवतात, तिथं भांडून फार हाती लागत नाही. क्रेडिट नोट मात्र तुमचा पैसा आहे. गिफ्ट कार्डातही कुणीतरी आधीच पैसे भरलेत. बँकेच्या गिफ्ट कार्डाला रिझर्व्ह बँकेचे नियम लागतात, किमान वर्षाची मुदत आणि कमाल १०,००० रुपये. फक्त स्वतःच्याच दुकानात चालणारं कार्ड त्या चौकटीबाहेर राहतं, म्हणून कार्डामागच्या अटी वाचा.

पंचगंगा_काठ :
रोख का नको? साडी आवडली नाही म्हणून परत केली असती तर गोष्ट वेगळी, मग दुकानाचा नियम. इथं माल सदोष आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल परत घेऊन बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत न करणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. मॅनेजरला लेखी द्या, नाही ऐकलं तर १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन करा. आणि नोट वापरण्याआधी हे करा बरं का. परतीच्या पावतीवर कारण काय लिहिलंय?

धागाकर्ता :
आत्ताच बघितलं. 'साइज इश्यू' लिहिलंय. साडीला!

पंचगंगा_काठ :
मग पहिल्यांदा तेच दुरुस्त करून घ्या. डागाचे फोटो आहेत ना?

धागाकर्ता :
आहेत, पदराचे चार. उद्या दुकान उघडल्या उघडल्या जातो.